डायफ्रॅमचा हर्निया: छातीत नळी घालण्याआधी या चुका टाळा

छाती आणि पोट यांच्यामधला पडदा म्हणजे डायफ्रॅम; तो फाटून पोटातले अवयव छातीत चढतात, तो डायफ्रॅमचा हर्निया. छातीच्या एक्स-रेत डाव्या बाजूला पाण्याची आडवी रेघ दिसली की नळी घालायला धावायचं, ही सर्वांत घातक चूक. नव्या डॉक्टर मुलांना लॉगबुकात एक प्रोसिजर वाढवायची घाई असते.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला एक पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा, काही वर्षांपूर्वी माडावरून पडला होता. डाव्या फासळ्या मोडल्या, जुळल्या, सगळे विसरले. चवथीला पोटभर जेवला आणि दम लागला, उमासे येऊ लागले. पहिल्या दवाखान्यात हायड्रोन्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाभोवती हवा आणि पाणी साठणं) म्हणून छातीत नळी घातली. बाटलीत भाताच्या शितांसकट आंबट पाणी आलं. नळी छातीत चढलेल्या जठरात शिरली होती. आमच्याकडे पोचेपर्यंत छातीत पू झाला होता. ‘कधी पडला होतास का?’ एवढंच विचारायचं राहिलं होतं. गोव्यात माडावरून पडणारे आणि दुचाकीवरून आपटणारे रोज येतात, तरी हा प्रश्न राहतोच, याचा मला संताप येतो.

माझी सवय अशी: शंका आली की आधी रायल्स ट्यूब (नाकातून जठरात सोडायची नळी), मग पुन्हा एक्स-रे. ट्यूब छातीत वळलेली दिसली की निदान झालं. ती आत जातच नसेल, पोटात वरच्या बाजूला कळ असेल आणि नुसते कोरडे उमासे येत असतील, तर जठराला पीळ पडलाय असं धरून चाला. बोर्खार्ट या जर्मन सर्जनने १९०४ मध्ये सांगितलेली ही तीन लक्षणं आहेत. ट्यूब जोर लावून रेटू नका. छातीत नळी घालणं अटळच असेल, तर आधी बोट घालून चाचपा.

सीटीचे फक्त आडवे काप बघू नका, उभेही मागा. व्हेंटिलेटरवर असताना छाती स्वच्छ दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका. दाबामुळे अवयव खालीच राहतात, श्वासाची ट्यूब काढल्यावर वर सरकतात. उजवी बाजू यकृत राखतं, पण तिथेही फाटतं.

ऑपरेशनमध्ये आतडं ओढून काढू नका. अडकलेलं, सुजलेलं आतडं हातात फाटतं. आधी भोकाची कडा मोकळी करा, डायफ्रॅम हलवणाऱ्या फ्रेनिक नर्व्हच्या फांद्या सांभाळून. ताज्या इजेत पोटातून जा, प्लीहा, आतडी सगळं तपासता येतं. जुन्या हर्नियात फुप्फुसाला चिकटलेलं दुर्बिणीतूनच सोडवीन हा हट्ट नको, छाती उघडा. शिवायला न विरघळणारा धागा. आतडं फुटून घाण झाली असेल तर भोकावर कायमची जाळी नको. हृदयाजवळ टॅकर (जाळी ठोकून बसवायचं यंत्र) मारूच नका, तिथे टाकेच घाला.

दुर्बिणीसाठी पोटात गॅस भरण्याआधी भूलतज्ज्ञाला भोकाची कल्पना द्या. तो गॅस छातीत चढून रक्तदाब कोसळू शकतो.