जुनी आउटबोर्ड मोटर मधेच दम तोडते? कार्बोरेटर सर्वांत शेवटी उघडा

गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात किंवा इटियाडोह जलाशयात जाळी काढायला निघालेल्या नावेची आउटबोर्ड मोटर, म्हणजे मागे बाहेरून बसवलेलं इंजिन, बंद पडली, की पहिला पाना कार्बोरेटरलाच, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागालाच, लागतो. ही सगळ्यात महागात पडणारी चूक. जुन्या टू-स्ट्रोक मोटरचा पेट्रोलचा बिघाड पुष्कळदा टाकी आणि नळीतच सापडतो. म्हणून टाकीकडून मोटरकडे तपासत या.

आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघा. गावातून टाकी आणताना पेट्रोल सांडू नये म्हणून तो आवळतात आणि पाण्यात गेल्यावर विसरतात. मोटर चांगली सुरू होते, काही मिनिटं चालते, मग टाकीत हवा शिरत नसल्यानं पेट्रोल ओढलं जात नाही. नळीवरचा रबरी फुगा चपटा झालेला दिसला तर स्क्रू बंद आहे, नाहीतर टाकीतली जाळी कचऱ्यानं भरली आहे.

हा फुगा नीट वाचता आला पाहिजे. त्यावरचा बाण मोटरकडे असतो. बाण वर येईल असा उभा धरून दाबा, म्हणजे आतले व्हॉल्व्ह नीट बसतात. काही दाबांत तो कडक व्हायला हवा. होत नसेल तर कुठेतरी हवा शिरतेय: नळीच्या जोडातली ओ-रिंग (रबरी कडी), सैल क्लिप, चिरलेली नळी. कडक होतो, तरी मोटर वेग घेत नाही, पण कुणी फुगा दाबत राहिलं की धावते? मग बहुधा मोटरवरच्या, पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदा फाटलाय. कार्बोरेटरला लगेच हात लावायचं कारण नाही.

आता पेट्रोल. हल्ली पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल ओल ओढून घेतं. अर्धी भरलेली टाकी महिनोन्‌महिने पडून राहिली तर पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं. टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल त्या थरात उतरत नाही, म्हणजे मोटरनं तोच ओढला तर पिस्टनला वंगणच मिळत नाही. थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करा. जुन्या काळ्या नळ्याही इथेनॉलनं आतून सुटतात आणि त्याचाच भुगा जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या बारीक भोकात, अडकतो. हे काम काठावर, विडी-काडीपासून लांब करा. नावेच्या बुडाशी साचलेली पेट्रोलची वाफ लवकर उडून जात नाही.

ऑइल अंदाजानं ओतू नका. ५०:१ (पेट्रोल:ऑइल) म्हणजे ५ लिटर पेट्रोलला १०० मिलि ऑइल, २५:१ म्हणजे २०० मिलि. कोणतं प्रमाण ते मोटरच्या पुस्तिकेत बघा. मोटारसायकलचं टू-टी ऑइलही चालत नाही, टीसी-डब्ल्यू३ दर्जाचंच, म्हणजे पाण्यानं थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक मोटरींसाठीचं, हवं. आणि पैसे वाचवायला पेट्रोलच्या मोटरमध्ये रॉकेल तर मुळीच मिसळू नका. प्लग काळे होतात, ठोके पडतात, शेवटी पिस्टन जातो. रॉकेलवर चालणाऱ्या मोटरींची रचनाच वेगळी असते.

एक वेगळी गोष्टही तपासा. वैनगंगेत जलपर्णी माजली की ती मोटर थंड ठेवायला पाणी ओढणारी जाळी बुजवते. मोटर तापून दमते आणि दोष पेट्रोलवर येतो. मागून पाण्याची धार नीट पडते का, ते बघा.

इतकं करूनही जमलं नाही तर कार्बोरेटर उघडा. जेट तारेनं टोकरू नका, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेचा दाब वापरा.

मोटर बरेच दिवस ठेवून द्यायची असेल तर पाण्यात असतानाच पेट्रोलची नळी काढा आणि मोटर आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.