स्वतःचे कायदे स्वतः करायला बसताय? या चुका टाळा

या उन्हाळ्यात सोलापुरात आमच्या भागातल्या वाचनालयात मुलांना चार हुतात्म्यांची गोष्ट सांगत होतो. मे १९३० मध्ये पोलीस शहर सोडून गेले, काही दिवस काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी रहदारीपासून सगळा बंदोबस्त पाहिला, मग मार्शल लॉ आला. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा यांना येरवड्यात फाशी झाली. आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, "मग त्या मधल्या दिवसांत नियम कोण करत होतं?"

त्या प्रश्नातून एक खेळ निघाला. आम्ही एक कल्पित राज्य मांडलं, मुलांनी त्याचं नाव ठेवलं भीमाकाठ. आमदार नाही, मंत्री नाही. दर रविवारी नागरिकांनी जमायचं आणि कायदे स्वतःच करायचे. नागरिक अडतीस, आठवीच्या मुलांपासून सत्तरी पार केलेल्या आज्जींपर्यंत. खेळात ज्या चुका झाल्या, त्याच मी ग्रामसभेत, सोसायटीच्या वार्षिक सभेत आणि बचत गटात वर्षानुवर्षं पाहिल्या आहेत. मतदानाच्या दिवशी फारसं काही बिघडत नाही. जे बिघडायचं ते त्याच्या आधी नाहीतर नंतर बिघडतं.

प्रश्न नीट न लिहिता हात वर करायला लावणे

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, त्यामुळे आमच्या राज्याचा पहिला कायदा पाण्याचाच असणार हे ठरलेलं होतं. फळ्यावर लिहिलं: "पाणी वाचवावं आणि नळाला मोटर लावायला बंदी असावी, मान्य आहे का?" एकतीस हात वर गेले. टाळ्या वाजल्या. तेवढ्यात मागे बसलेल्या एक आज्जी उठल्या. "आवं, खालच्यांचं ठीक हाय. आमच्या तिसऱ्या माळ्यावर पाणी काय पायऱ्या चढून येतंय का?"

एका प्रश्नात आम्ही दोन प्रश्न कोंबले होते. पाणी वाचवायला नाही कोण म्हणणार? त्या "हो"च्या पाठीवर मोटरबंदी बसून आत आली. स्वित्झर्लंडमध्ये हाच नियम कडक आहे: लोकांनी सह्या गोळा करून घटनादुरुस्ती मागितली तरी तिच्यात विषय एकच हवा, नाहीतर तिथली संसद ती मागणी रद्दबातल ठरवू शकते.

उपाय अगदी घरगुती आहे. प्रश्न लिहून झाला की त्यात "आणि" शोधा. सापडला तर बहुतेक वेळा तिथून प्रश्न तोडावा लागतो. मग कायद्याचा पूर्ण मजकूर मोठ्यानं वाचा, नुसतं शीर्षक नको. आणि मतदानाआधी एवढं विचारा: हा कायदा सगळ्यात जास्त कुणाला जाचणार आहे? त्या माणसाला सगळ्यात आधी बोलू द्या, शेवटी नाही. शेवटी बोलणाऱ्याचं ऐकताना निम्मे लोक चपला शोधत असतात.

स्वित्झर्लंडच्या ग्लारुस या छोट्या प्रांतात आजही मे महिन्यात नागरिक उघड्या मैदानात जमून कायदे करतात, आणि तिथे कुणीही नागरिक उभा राहून मजकुरात दुरुस्ती सुचवू शकतो. विषयांची पुस्तिका मात्र आधीच घरी पोचलेली असते. आपल्याकडे दुरुस्ती सुचवणाऱ्याला "आत्ता कशाला फाटे फोडता" असं गप्प करतात. फाटे फुटू द्या. आज्जींचा फाटा हाच त्या दिवशीचा सगळ्यात शहाणा मुद्दा होता.

बहुमत कुणाचं, हे आधी न ठरवणे

तिसऱ्या रविवारी लग्नाची तिथी होती. अडतीसपैकी सोळा आले. नऊ विरुद्ध सात मतांनी एक कायदा झाला. पुढच्या रविवारी न आलेले बावीस जण विचारू लागले, आम्हाला हा कायदा कसा लागू? त्यांचं चुकत नव्हतं, आणि आलेल्या सोळा जणांचंही चुकत नव्हतं. चूक नियमाची होती, कारण नियमच नव्हता.

या एका मुद्द्यावर अनेक चळवळी फसल्या आहेत, म्हणून इथे जरा थांबतो. महाराष्ट्रात दारूचं दुकान बंद करण्यासाठी मतदान होतं, ती 'आडवी बाटली' सगळ्यांना माहीत आहे: मतपत्रिकेवर आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू. २००८ च्या आदेशानुसार २५ टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांपैकी २५ टक्क्यांनी मागणी करायची, मग गुप्त मतदान, आणि दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला हवीत. नुसत्या झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून जास्त मतं मिळून भागत नाही. म्हणजे जी बाई त्या दिवशी कामावर गेली किंवा माहेरी राहिली, तिचं मत आपोआप उभ्या बाटलीच्या खात्यात जमा होतं. प्रचाराची गाडी फिरवण्यापेक्षा यादी हातात घेऊन घरोघर जाणं इथे जास्त कामाचं. आणि सह्या गोळा करण्याआधी उत्पादन शुल्क कार्यालयातून चालू आदेशाची प्रत घ्या, ऐकीव आकड्यांवर जाऊ नका.

ग्रामसभेचं उलटं. तिथे गणपूर्तीला, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीला, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातला कमी आकडा लागतो. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. ज्याला ठराव मोजक्या माणसांत उरकायचा आहे त्याला ही वाट चांगली ठाऊक असते. तेव्हा "आज गणपूर्ती नाही, चला घरी" असं ऐकलं की घरी जाण्याआधी तहकूब सभा कधी आहे ते विचारा आणि त्या दिवशी नक्की जा.

इटलीत तिसरीच गोष्ट घडते, आणि ती गमतीची नाही. तिथे कायदा रद्द करण्याच्या सार्वमताला निम्म्याहून जास्त मतदारांनी मतदान केलंच पाहिजे. परिणाम असा की विरोधक "नाही म्हणा" असं न सांगता "घरीच थांबा" असं सांगतात. जून २०२५ मधलं सार्वमत सुमारे ३० टक्के मतदानावर तसंच वाया गेलं.

आम्ही शेवटी उपस्थितीची अट ठेवलीच नाही. त्याऐवजी ठरवलं: "हो" हे "नाही"पेक्षा जास्त हवेत, आणि ते एकूण नागरिकांच्या एक तृतीयांश, म्हणजे किमान तेरा, हवेत. घरी बसून कायदा पाडता येत नाही आणि चार जणांना कायदा करता येत नाही.

सगळ्यांसमोर हात वर

घरमालक पहिल्या रांगेत, भाडेकरू तिसऱ्या. मालकाचा हात वर गेला की मागचे हात कसे हळूहळू वर जातात ते मी डोळ्यांनी पाहिलं. एका बाईंचा हात खांद्यापर्यंत आला, तिथेच घुटमळला, मग वर गेला. ते मत त्यांचं नव्हतं.

म्हणून चिंचोके आणि खडे आणले. प्रत्येकाला एक चिंचोका, एक खडा. चिंचोका म्हणजे हो, खडा म्हणजे नाही. पडद्यामागे दोन डबे: एकात मत, दुसऱ्यात उरलेलं. वाचता न येणाऱ्यांनाही मत देता आलं. पण पहिल्याच वेळी नवी अडचण निघाली. पत्र्याच्या डब्यात खडा टण्णकन वाजतो आणि चिंचोका टक्क करतो, बाहेर बसलेल्यांना सगळं कळत होतं. डब्याच्या तळाशी जुनं लुगडं चौपदरी घालून ठेवलं, आवाज बंद. दोन्ही डबे मोजायचे, बेरीज हजेरीच्या दुप्पट आली पाहिजे. आली नाही तर मतदान पुन्हा.

कशावर मत घ्यायचं नाही, हे न लिहिणे

पाचव्या रविवारी एकानं प्रस्ताव आणला: भाडेकरूंना मत नको, ते आज आहेत उद्या नाहीत. अजून हात वर करूनच मतदान व्हायचं तेव्हाची ही गोष्ट. एकवीस विरुद्ध चौदा मतांनी तो मंजूर झाला. मला त्या रात्री झोप लागली नाही. नियम पाळूनच माणसं बाहेर काढली गेली होती.

जगात हे झालेलं आहे. १९५९ मध्ये स्वित्झर्लंडच्या पुरुषांनी दोन तृतीयांश मतांनी बायकांना मताधिकार नाकारला. तो मिळायला १९७१ उजाडलं. आपेनत्सेल इनररोडेन या प्रांतात तर मैदानातल्या सभेत पुरुष १९९० पर्यंत नाही म्हणत राहिले, शेवटी त्याच वर्षी देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल देऊन तो हक्क दिला. ज्यांच्याबद्दल मत घेतलं जात होतं त्यांनाच मत नव्हतं.

आपल्या राज्यघटनेनं ही काळजी कलम १३ मध्ये घेतली आहे: मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा तेवढ्यापुरता शून्य. तुमचा गट कितीही छोटा असू दे, पहिल्या बैठकीतच एक पान लिहा. कोण सदस्य आहे, कोणाचं मत कधीही काढता येणार नाही, कुणाच्या घरात, जेवणात, देवधर्मात हात घालायचा नाही. आम्ही ते पान पाचव्या रविवारनंतर लिहिलं, भाडेकरूंना परत बोलावून त्यांची माफी मागितल्यावर. ते पहिल्याच रविवारी लिहायला हवं होतं.

भाषा

आमच्या पूर्व भागात घरात तेलुगू, बाजारात मराठी. अक्कलकोटच्या बाजूची मंडळी कन्नड बोलतात, मुस्लिम वस्तीत दखनी उर्दू. आणि आमचा पहिला मसुदा होता: "सदर अधिनियमान्वये नळजोडणीस विद्युत उपकरण संलग्न करण्यास मनाई राहील." विड्या वळणाऱ्या एका अक्कांनी दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाल्या, "मोटर लावू नका, एवढंच ना?" एवढंच. स्वित्झर्लंडमध्येही भाषा चार आहेत आणि मतदानाची माहितीपुस्तिका चारही भाषांत निघते. आमच्या मुलांनी एक कागद चार लिप्यांत लिहून काढला. एका दुपारचं काम.

आधी सह्या, मग ठराव

ही चूक मी खेळात नाही, माझ्या आजोळच्या गावात पाहिली. सभा सुरू होताच रजिस्टर फिरायचं, सगळे सह्या करायचे आणि चहा घेऊन जायचे. ठराव नंतर, सवडीनं, कोऱ्या पानावर उतरायचा. एका वर्षी रस्त्याला म्हणून बोललेला निधी कागदावर दुसऱ्याच कामाला गेला होता. विचारायला गेलो तर खाली माझ्या मामाचीच सही.

हजेरीची सही वेगळी, ठरावाखालची वेगळी. ठराव तिथल्या तिथे लिहा, वाचून दाखवा, शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारा, मगच सही. प्रोसिडिंगच्या, म्हणजे सभेच्या कामकाजाच्या वहीच्या, पानाचा मोबाइलवर फोटो काढा. कुणाला राग आला तर येऊ द्या.

ठरावात आणखी तीन गोष्टी हव्यात: काम कोण करणार, पैसा कुठून येणार, पुन्हा तपासणी कधी. कॅलिफोर्नियात १९७८ मध्ये 'प्रपोझिशन १३' लोकांनी थेट मतदानानं मंजूर केलं. मालमत्ता कर किमतीच्या एक टक्क्यावर बांधला गेला. कर कमी झाला, पण शाळांचा आणि स्थानिक संस्थांचा खर्च कुठून भागवायचा हा प्रश्न पुढे अनेक वर्षं रेंगाळला.

प्रस्ताव आणायला किती सह्या लागाव्यात, हेही ठरवून टाका. दोन ठेवल्या तर दर रविवारी वीस प्रस्ताव येतात, पंधरा ठेवल्या तर एकही येत नाही. आमच्याकडे सहावर जमलं.

मोटरचा कायदा आम्ही पुन्हा घेतला. नळाला थेट मोटर लावायची नाही. तळमजल्यावर सामाईक टाकी, टाकीतून वर चढवायला मोटर चालेल. टाकीचा खर्च सगळ्या घरांत सारखा. तपासणी पुढच्या मे महिन्यात. त्या आज्जी पडद्यामागून बाहेर आल्या तेव्हा उरलेला खडा चुकून मुठीतच राहिला होता, तो डब्यात टाकायला त्या पुन्हा आत गेल्या. चिंचोके चोवीस, खडे नऊ. विरोधातल्यांची हरकतही प्रोसिडिंगमध्ये उतरवली: टाकीचं झाकण रोज कोण लावणार, उघडी राहिली तर डेंग्यूचे डास होतील. येत्या रविवारचा पहिला विषय तोच आहे.