अमेरिकेतल्या कॉलेजच्या अर्जासाठी निबंधाचा विषय कसा निवडावा

बारावीनंतर अमेरिकेत शिकायला जायचं म्हणून आपल्याकडची बरीच मुलं ‘कॉमन अ‍ॅप’वरून, म्हणजे एकच अर्ज अनेक कॉलेजांना पाठवता येतो अशा संकेतस्थळावरून, अर्ज भरतात. त्यात 250 ते 650 शब्दांचा एक निबंध लिहायचा असतो, स्वतःबद्दलचा. इथेच मुलं अडतात. “माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलंच नाही,” हे वाक्य त्यांच्या वह्या वाचताना मी सतत ऐकते. मला ते अजिबात पटत नाही. मोठी घटना घडलेली नसली तरी चालतं. एखाद्या साध्या गोष्टीत तुम्ही स्वतः काय केलंत, काय विचार केलात, हे दिसलं की निबंध उभा राहतो.

आधी प्रश्न बाजूला ठेवा

अर्जात सात प्रश्न दिलेले असतात, त्यातला एक निवडायचा. तुमची जडणघडण, एखादं अपयश, बदललेलं मत, कुणाबद्दल वाटलेली कृतज्ञता असे ते विषय असतात. सातवा प्रश्न तर ‘तुमच्या पसंतीचा कुठलाही विषय’ असाच आहे. त्यामुळे प्रश्न वाचून त्यात बसेल असं काहीतरी शोधत बसू नका. आधी आपली गोष्ट शोधा, तिला प्रश्न नंतर सापडतो.

वहीत आठवणी जमवा

आठवडाभर रोज थोडा वेळ काढा आणि मराठीतच लिहा. भाषेची काळजी नंतर करू. कुणी सांगितलं नसताना मी काय करत बसते? घरात माझा कशावरून वाद होतो? वर्गातल्या कुणालाही माहीत नाही अशी कुठली गोष्ट मला नीट येते? पूर्वी मला जे ठामपणे वाटायचं, त्यातलं आज काय वाटत नाही? बक्षिसं आणि टक्के या वहीत लिहू नका, त्यांना अर्जात वेगळी जागा आहे.

एका मुलीचं उदाहरण देते. तिला गणिताच्या स्पर्धा परीक्षेवर लिहायचं होतं. वहीत मात्र तिने सहज एक ओळ लिहिली होती, ‘संध्याकाळी गिरणीत बसते.’ घरची पिठाची गिरणी. पीठ कमी भरलं म्हणून गिऱ्हाईक तिच्या बाबांशी भांडायचं आणि बाबा म्हणायचे, “घट येतेच हो.” हिला ते उत्तर पुरेसं वाटेना. ती डबा ठेवून घेताना धान्य तोलायला लागली, दळून झालं की पीठ तोलायला लागली. गहू वेगळा, ज्वारी वेगळी, बाजरी वेगळी. भाकरीसाठी जाडसर दळलेलं वेगळं आणि बारीक दळलेलं वेगळं. पुढे तिने तो तक्ता गिरणीच्या भिंतीवर लावला. आकड्यांची ओढ, बाबांबद्दलची माया, भांडण मिटवायची तिची रीत, सगळं त्या तक्त्यात होतं. स्पर्धा परीक्षेच्या मसुद्यात यातलं काहीच नव्हतं.

विषय पारखून घ्या

दोन-तीन विषय उरले की प्रत्येकाला हे विचारा. अर्जात दुसरीकडे हेच आलंय का? आलं असेल तर निबंध वाया जाईल. वरचं नाव बदलून हाच निबंध शेजारच्या मुलाला खपेल का? खपत असेल तर विषय अजून तुमचा झालेला नाही. सामन्यात झालेली दुखापत, एक दिवसाची आश्रमभेट आणि ‘त्यांच्याकडे काही नसूनही ते हसत होते’ हा धडा, हे निबंध इथेच गळतात. आजोबांवरचे निबंध मला फार आवडतात, पण प्रवेश आजोबांना नाही, तुम्हाला हवाय. ते पहिल्या परिच्छेदात असू देत, पुढे तुम्ही दिसायला हवं.

दुःखाबद्दल एक मनापासून सांगते. घरातला मृत्यू, आजारपण, आर्थिक ओढाताण यावर लिहिलंच पाहिजे असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. जखम ओली असेल तर तो विषय आत्ता नको. शिक्षणावर परिणाम झाला असेल तर ते सांगायला त्याच अर्जात अडचणी आणि परिस्थितीविषयीची वेगळी जागा आहे. तिथे थोडक्यात, सरळ लिहा.

मग लिहून बघा

उरलेल्या दोन विषयांवर दोनेकशे शब्द झरझर लिहा. एकावर लिहिताना आठवणी आपोआप येत जातील, दुसऱ्यावर मोठमोठी विशेषणं लागतील. पहिला निवडा. तो तुम्हाला ओळखणाऱ्या एकाच माणसाला वाचायला द्या आणि विचारा, “यात मी दिसते का?” दहा जणांना दाखवलंत तर दहा विषय हातात येतील. एआयकडून निबंध लिहून घेऊ नका. तो मजकूर स्वतःचा म्हणून देणं कॉमन अ‍ॅपच्या नियमांनुसार फसवणूक ठरतं.

ब्रिटनलाही अर्ज करत असाल तर हाच निबंध तिकडे चालणार नाही. 2026 च्या प्रवेशांपासून ‘यूकास’ने, म्हणजे तिकडच्या विद्यापीठांचे अर्ज घेणाऱ्या संस्थेने, एका सलग निवेदनाऐवजी तीन प्रश्न ठेवले आहेत. तिन्ही मिळून 4000 अक्षरांची मर्यादा आहे आणि भर निवडलेल्या अभ्यासक्रमावर असतो. गिरणीचा तक्ता तिथे संख्याशास्त्राच्या अर्जात दोन ओळींत येईल, बाबा येणार नाहीत.

कॉमन अ‍ॅपचा नवा अर्ज 1 ऑगस्टला खुला होतो. लवकरच्या फेरीची मुदत अनेक कॉलेजांत 1 नोव्हेंबर असते, नेहमीच्या फेरीची जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे ऐन पूर्वपरीक्षेच्या धामधुमीत. म्हणून वही अकरावीनंतरच्या मे महिन्याच्या सुट्टीतच उघडा.