पॉइंट टू-टू रायफलीसाठी जास्त वेगाचं काडतूस घेताय? जरा थांबा

परदेशातल्या मोठ्या शिकारीचे व्हिडिओ बघून बरीच पोरं वेगाच्या मागे लागतात. आपल्याकडे शिकार कायद्यानं बंद. संभाजीनगर-लातूरकडच्या नेमबाजाचा खरा प्रश्न 50 मीटरवरचा, तिथं निशाणावरचं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटरचं.

ताशी 16 किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात सेकंदाला 325 मीटर वेगाची साधी गोळी 50 मीटरवर दोन-अडीच सेंटिमीटर सरकते. 380 मीटर वेगाची गोळी लवकर पोचते, पण त्याहून जास्त सरकते! आवाजाच्या वेगाच्या वर हवेचा विरोध एकदम वाढतो, गोळी झपाट्यानं मंदावते, आणि वारा तिला तेवढीच जास्त ढकलतो. मोठ्या रायफलींचा हिशेब वेगळा. त्यांची लांब, टोकदार गोळी वेग टिकवून धरते.

म्हणून साध्या वेगाचंच घ्या, पण थेट पेटी उचलू नका. एकाच कंपनीचे तीन-चार लॉट, म्हणजे एकाच वेळी बनवलेल्या काडतुसांचे वेगवेगळे घाणे, थोडे थोडे आणा. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून प्रत्येकाचे दहा-दहा फैरींचे दोन ग्रुप पाडा, म्हणजे एकाच जागी नेम धरून मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचे पुंजके; पुंजका जितका लहान तितका लॉट चांगला. पाच फैरींचा ग्रुप नशिबानंही लहान येतो. एका नळीला मानवलेला लॉट शेजारच्याच्या नळीला मानवेलच असं नाही, तेव्हा मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका.

चाचणी सकाळी लवकर उरका. मे महिन्यात दुपारी वावटळी सुटल्या की लॉट वाईट की वारा, काही कळत नाही. काडतुसांचा डबा सावलीत ठेवा. काडतुसातली दारू तापली की वेग वाढतो आणि गोळी वर लागते.