ऑगस्टीन-पेलॅजियस वाद वाचायचाय? मग तान्ह्या बाळापासून सुरुवात करा

माणूस स्वतःच्या बळावर चांगलं वागू शकतो, की त्याला देवाची कृपा (म्हणजे देवाने आपणहून दिलेलं साहाय्य) लागते? पाचव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन आणि रोममधला धर्मशिक्षक पेलॅजियस यांच्यात यावरून वाद झाला. आदिपाप (आदामाकडून, म्हणजे पहिल्या माणसाकडून, सगळ्यांना आलेलं पाप), इच्छास्वातंत्र्य आणि कृपा यांच्या अभ्यासाला लागणारे बहुतेक जण व्याख्या पाठ करायला घेतात आणि महिन्याभरात पुस्तक मिटतात. मला हा वाद कळू लागला तो बाळाच्या बाप्तिस्म्यापासून, म्हणून नव्या वाचकालाही मी तिथूनच पाठवतो. बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने दिली जाणारी ख्रिस्ती दीक्षा, पापक्षमेसाठी असतो. मग ज्या बाळाला अजून मानही सावरता येत नाही, त्याचं कोणतं पाप धुतलं जातं?

हा प्रश्न ऑगस्टीनच्या आधीपासूनचा आहे. साधारण इ.स. 200 च्या सुमारास तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने विचारलं होतं, की निष्पाप वयाला पापक्षमेची एवढी घाई कशाला? पुढे 253 च्या आसपास फीडस नावाच्या बिशपाने उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन याच्याकडे विचारणा केली: बाप्तिस्म्यासाठी ज्यूंच्या सुंतेसारखं आठव्या दिवसापर्यंत थांबावं का? परिषदेत जमलेल्या 66 बिशपांनी कळवलं, थांबू नका. बाळाने स्वतः काही केलेलं नाही, त्याला क्षमा होते ती दुसऱ्याच्या पापांची, असं सिप्रियनने उत्तरात लिहिलं. म्हणजे रिवाज आधी रुजला आणि त्यामागचा सिद्धांत पुढे दीडशे वर्षांनी धारदार झाला. हा क्रम लक्षात ठेवला तर पुढचं बरंच सोपं जातं.

आपल्याकडच्या वाचकाला इथे एक सूचना आवर्जून देतो. ‘आदिपाप म्हणजे प्रारब्धच की’ असं पटकन मनात येतं. तसं नाही. प्रारब्ध आपल्याच पूर्वकर्माचं असतं. ऑगस्टीनला आत्म्याने जन्माआधी केलेलं पाप मान्यच नाही; त्याच्या मते पाप आदामाचं, आणि आपण त्याचे वंशज म्हणून त्यात सामील. ‘दुसऱ्याचं पाप माझ्या माथी का?’ हा पेलॅजियसच्या बाजूचा आक्षेप म्हणूनच इतका जोरदार आहे. प्रारब्धाची चौकट लावली की तो आक्षेप दिसेनासा होतो.

पेलॅजियस मूळचा ब्रिटनचा, रोममध्ये राहून लोकांना शुद्ध आचरणाचा आग्रह धरणारा. ऑगस्टीनच्या आत्मकथनाच्या दहाव्या भागात प्रार्थना आहे: तू जी आज्ञा करतोस ती पाळण्याचं बळ दे, आणि मग हवी ती आज्ञा कर. हे ऐकून पेलॅजियस भडकला. बळही देवानेच द्यायचं, तर माणसाने प्रयत्न कशाला करायचा?

त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत वाचायचं तर डेमेट्रियास या तरुण मुलीला 413 च्या सुमारास लिहिलेलं पत्र घ्या. रोम 410 मध्ये लुटलं गेल्यावर तिचं खानदानी घराणं आफ्रिकेत आलं होतं आणि मुलीने आजन्म ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं होतं. पेलॅजियस तिला आधी माणसाच्या स्वभावाचं सामर्थ्य दाखवतो. चांगलं वागणं अवघड का जातं? लहानपणापासून लागलेल्या वाईट सवयीमुळे. ती इतकी मुरते की स्वभावच वाटू लागते. हे पत्र मी नव्या वाचकाला सावकाश वाचायला सांगतो, कारण पेलॅजियसला उर्मट ठरवून मोकळं होण्याची सवय त्याने मोडते.

त्याची बाकीची पुस्तकं मात्र बरीचशी तुकड्यांतच उरली आहेत, आणि तेही ऑगस्टीनने खोडून काढण्यासाठी उतरवून घेतले म्हणून. त्यातला एक तुकडा नीट पाहा. पेलॅजियस म्हणतो, डोळ्यांनी पाहता येणं ही आपली कमाई नव्हे. पण चांगलं पाहायचं की वाईट, हे आपलं. क्षमता देवाची, इच्छा आणि कृती आपली. ऑगस्टीनचं उत्तर असं, की इच्छाच आजारी आहे; नुसती क्षमता, नियम आणि उदाहरण देऊन ती बरी होत नाही. शिवाय तो प्रार्थनेकडे बोट दाखवतो: सगळं आपल्याच हातात असेल, तर ‘आम्हांला परीक्षेत आणू नको’ असं का म्हणायचं? मला ऑगस्टीनचा हा मुद्दा सगळ्यात भक्कम वाटतो. बाप्तिस्मा न मिळालेली बाळं, सौम्य का होईना, शिक्षेलाच पात्र ठरतात हा त्याचा निष्कर्ष मात्र मला कधीच पटलेला नाही, आणि तो वाचताना आजही त्रास होतो.

निकालांच्या तारखांत फार अडकू नका. 415 मध्ये पॅलेस्टाइनमधल्या डायोस्पोलिसच्या सभेने पेलॅजियसला निर्दोष ठरवलं; 418 मध्ये रोमन सम्राट होनोरियसचा त्याच्याविरुद्ध हुकूम निघाला आणि कार्थेजच्या परिषदेने त्याची मतं धिक्कारली. सम्राटाचा हात होता, एवढं ध्यानात असू द्या.

त्यापेक्षा वेळ द्या तो उत्तर आफ्रिकेतल्या हद्रुमेतुमच्या मठवासीयांना. 426 च्या सुमारास तिथल्या काही साधूंनी ऑगस्टीनचं लिखाण वाचून विचारलं: सगळं कृपेनेच होत असेल, तर मठप्रमुखाने आम्हांला रागवावं कशाला? आमच्यासाठी नुसती प्रार्थना करावी. या मठातल्या शंकांपायी म्हाताऱ्या ऑगस्टीनने दोन ग्रंथ लिहिले. त्याचं तरुणपणीचं इच्छास्वातंत्र्यावरचं पुस्तक आधी वाचा आणि लगेच हे दोन. तो किती लांब सरकला ते तुम्हांला स्वतःच दिसेल. मधला सांधा 396 च्या आसपास मिलानच्या सिम्प्लिशियन या धर्मगुरूला दिलेल्या उत्तरांत सापडतो.

ऑगस्टीन 430 मध्ये वारला, वाद चालूच राहिला. मार्सेचा मठवासी जॉन कॅसियन म्हणत होता, की कधी कधी चांगल्या इच्छेची पहिली ठिणगी माणसाकडूनही पडते. 529 मध्ये आजच्या फ्रान्समधल्या ऑरेंज गावच्या परिषदेने ते नाकारलं, पहिली हालचालही कृपेचीच ठरवली, पण देव कुणाला वाईटासाठी नेमतो ही कल्पना स्पष्ट शब्दांत धिक्कारली. त्या परिषदेची 25 कलमं एका बैठकीत वाचून होतात. ती वाचताना प्रत्येक कलमापुढे लिहा, हे ऑगस्टीनचं, की त्याला घातलेला आवर.