मत्स्यप्रक्रियेचे सांडपाणी : या चुका टाळा

मासळी प्रक्रिया कारखान्याचा ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प) बिघडला की पहिला ठपका त्यातली घाण खाणाऱ्या जिवाणूंवर येतो. मी पाहिलेल्या बहुतेक बिघाडांचे मूळ मात्र एरेशन टँकच्या (जिवाणूंना हवा पुरवणाऱ्या टाकीच्या) पुष्कळ अलीकडे, मासळी साफ होते त्या फरशीवर होते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे मीठ गृहीत न धरणे. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि गोठवणीच्या ब्राइनमध्ये (मिठाच्या तीव्र द्रावणात) त्याहून कितीतरी अधिक. जिवाणू खारेपणाला हळूहळू सरावतात. त्यांना मारतो तो एकाएकी झालेला बदल. एका कारखान्यात रात्रपाळीने ब्राइनची टाकी धुण्यासाठी रिकामी केली आणि सगळे मिठाचे पाणी गटारात सोडून दिले. सकाळी मी पोहोचलो तेव्हा ऑपरेटर खुशीत होता, कारण एरवी लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास राहणारा डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) ६ च्या वर गेला होता. ब्लोअर तेच होते, हवाही तेवढीच होती. ऑक्सिजन खाणारेच उरले नव्हते, म्हणून तो पाण्यात शिल्लक राहिला होता. एक लिटरच्या मोजपात्रात नमुना घेऊन अर्धा तास थांबलो, तरी स्लज (जिवाणूंचा गाळ) आणि पाणी यांच्यामधली रेघ उमटली नाही, वरचे पाणी दुधाळच राहिले. मी येण्याआधी बायोकल्चरची (तयार जिवाणूंची) पाकिटे ओतून झाली होती. त्यांचाही त्याच खाऱ्या पाण्यात निभाव लागला नाही. प्रकल्प पूर्वपदावर यायला तीन आठवडे गेले. तेव्हापासून मी इक्वलायझेशन टँकच्या (येणारे सांडपाणी साठवून एकसारखे करणाऱ्या टाकीच्या) तोंडाशी खारेपणा दाखवणारा कंडक्टिव्हिटी मीटर बसवून घेतो, ब्राइनसाठी वेगळी टाकी मागतो आणि तिच्यातले पाणी दिवसभरात थोडे थोडे सोडतो. पाकिटातल्या जिवाणूंनी दोन दिवसांत ईटीपी उभा राहतो, असे सांगणाऱ्यांवर नवख्यांनी विसंबू नये.

दुसरी चूक रोजची आहे. खवले, आतडी आणि कोळंबीची टरफले पाण्याच्या झोताने गटारात लोटली जातात. ती जितका वेळ पाण्यात राहतात तितकी त्यांतली प्रथिने विरघळतात, आणि विरघळलेले प्रथिन कोणतीही चाळणी अडवू शकत नाही. पुढे त्याचा अमोनिया होतो, आणि नायट्रिफिकेशनमध्ये (जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात त्या क्रियेत) अमोनियाच्या प्रत्येक मिलिग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे ४.५७ मिलिग्रॅम ऑक्सिजन व ७ मिलिग्रॅमहून थोडी अधिक अल्कता (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात) खर्च होते. म्हणून आधी खराट्याने व फावड्याने सगळे गोळा करावे आणि मगच नळी हातात घ्यावी. यात दहा मिनिटे जास्त जातात, ती जाऊ द्यावीत.

डीएएफच्या (बारीक बुडबुड्यांनी तेल वर आणून काढणाऱ्या यंत्राच्या) आधी वेगवान सेंट्रिफ्युगल पंप लावू नये, कारण तो तेलाचे थेंब इतके बारीक करतो की ते वर येतच नाहीत. क्लोराइड दर लिटरला २००० मिलिग्रॅमच्या वर असेल, तर नेहमीच्या सीओडी (पाण्यातली घाण मोजणाऱ्या) चाचणीचा आकडा फुगतो. नमुना पातळ करूनच ती करावी. क्लोरीनचे धुवण थेट एरेशनमध्ये जाऊ देऊ नये.

शेवटची चूक जिवावर बेतणारी आहे. ढवळणी बंद पडलेल्या इक्वलायझेशन टँकमध्ये हायड्रोजन सल्फाइड साचतो, आणि त्याचे प्रमाण वाढले की नाक बधिर होऊन वास येणेच थांबते. वास गेला म्हणून वायू गेला, असे समजून कोणीही आत उतरू नये. गॅस डिटेक्टरने तपासणी, पंख्याने खेळती हवा, कमरेला दोर आणि वर उभा असलेला दुसरा माणूस यांपैकी एक गोष्ट जरी नसेल, तरी मी झाकण उघडू देत नाही.