लाल डबी, निळी डबी: २००६-०८ च्या डिस्क आज घेताना आणि लावताना

माझ्या कपाटात काही चित्रपटांच्या दोन-दोन डिस्क आहेत, एक लाल डबीत, एक निळ्या. घरात याचं कारण विचारलं गेलं की माझी त-त प-प होते. कारण साधं आहे: चित्रपट एकच असला तरी डिस्क एक नाही. लाल डबी एचडी डीव्हीडीची, निळी ब्लू-रेची, आणि त्या काळी हाय-डेफिनिशन डिस्कच्या या दोन पद्धतींची आपसात चढाओढ चालली होती. ‘बॅटमॅन बिगिन्स’ एचडी डीव्हीडीवर आला ऑक्टोबर २००६ मध्ये आणि ब्लू-रेवर जुलै २००८ मध्ये. मधले एकवीस महिने घोडं अडलं होतं ते एका लहानशा चौकटीपाशी. चित्रपट चालू असताना कोपऱ्यात उघडणारी ही चौकट, तिच्यात दिग्दर्शक आणि तंत्रज्ञ समोरच्याच दृश्याबद्दल बोलतात. ब्लू-रेच्या पहिल्या प्लेअरांना ती उघडताच येत नव्हती.

जुन्या सामानात अशी डबी सापडली आणि आतलं सगळं बघायचं असेल, तर डिस्कच्या आधी प्लेअर बघा. मी उलट केलं होतं, म्हणून सांगतोय.

एचडी डीव्हीडीचा कारभार सरळ होता. तोशिबाच्या गोटाने पहिल्या दिवसापासून नियमच घातला होता की प्रत्येक प्लेअरमध्ये दुसरं चित्र उलगडणारा डिकोडर हवा, नेटवर्कचं पोर्ट हवं आणि १२८ एमबीची साठवण हवी. त्यामुळे लाल डबीतली डिस्क चालली, की चौकटही चालणार. ब्लू-रेच्या गोटाने मात्र कंपन्यांना सुरुवातीला सवलत दिली. प्लेअरला काय-काय यायला हवं त्याच्या पायऱ्यांना तिथे ‘प्रोफाइल’ म्हणत. प्रोफाइल १.० च्या प्लेअरला यातलं काहीच बंधनकारक नव्हतं. १ नोव्हेंबर २००७ नंतर बाजारात येणाऱ्या मॉडेलांना प्रोफाइल १.१ सक्तीचं झालं. त्याचं नाव ‘बोनस व्ह्यू’, म्हणजे आपली चौकट. प्रोफाइल २.० म्हणजे ‘बीडी-लाइव्ह’: त्यात इंटरनेट आणि किमान १ जीबी साठवण. हे ऐच्छिकच राहिलं.

गोम अशी की तारीख प्लेअरच्या विक्रीची धरायची नाही, ते मॉडेल बाजारात कधी आलं त्याची धरायची. २००८ मध्ये घेतलेला प्लेअर २००६ चं मॉडेल असू शकतो. मागे नेटवर्कचं पोर्ट दिसलं म्हणूनही हुरळून जाऊ नका, काहींत ते नुसतं फर्मवेअर, म्हणजे प्लेअरच्या आतलं सॉफ्टवेअर, उतरवून घेण्यापुरतं असतं. पुढच्या पॅनेलवर किंवा माहितीपुस्तिकेत ‘बोनस व्ह्यू’ किंवा ‘बीडी-लाइव्ह’ हे शब्दच शोधा. ते नसतील तर प्लेअर १.० चा आहे असं समजा. फर्मवेअर बदलून तो सुधारेल ही आशा बहुतेक वेळा फोल, कारण दुसरा डिकोडर आत मुळातच नसतो. मोठा अपवाद प्लेस्टेशन ३ या गेम कन्सोलचा. डिसेंबर २००७ च्या अपडेटने त्याला १.१ मिळालं आणि मार्च २००८ च्या अपडेटने २.०. म्हणूनच या डिस्कांसाठी मी आजही तोच वापरतो. पंखा कुरकुरतो, पण काम करतो.

आता डिस्क. इथे प्रकाशनाच्या तारखा फार बोलक्या असतात, पण त्या वाचता यायला हव्यात.

उशीर दोन जातींचा होता. पहिला तांत्रिक. ‘मेट्रिक्स’ची तीन भागांची पेटी एचडी डीव्हीडीवर मे २००७ मध्ये निघाली, ब्लू-रेवर ऑक्टोबर २००८ मध्ये. ‘व्ही फॉर व्हेंडेटा’चंही तसंच, ऑक्टोबर २००६ आणि मे २००८. अशी उशिरा आलेली ब्लू-रे डोळे झाकून घ्या. चौकट चालवणारे प्लेअर बाजारात आल्यावरच ती निघाली, आणि चौकट घेऊनच निघाली. दुसरा उशीर निव्वळ व्यापारी. ऑगस्ट २००७ मध्ये पॅरामाउंट स्टुडिओने फक्त एचडी डीव्हीडीवर चित्रपट काढायचं जाहीर केलं, त्यामुळे ‘ट्रान्सफॉर्मर्स’ त्या ऑक्टोबरमध्ये लाल डबीतच आला. निळी डबी बघायला सप्टेंबर २००८ उजाडावं लागलं. अशा उशिरावरून आत काय असेल ते कळत नाही, मागचं कव्हर नीट वाचणं आलंच.

सगळ्यात फसवे असतात ते एकाच दिवशी दोन्हीकडे आलेले चित्रपट. ‘३००’ ३१ जुलै २००७ ला दोन्ही डब्यांत आला. एचडी डीव्हीडीवर अख्खा चित्रपट निळ्या पडद्यासमोर कसा चित्रित झाला ते कोपऱ्यातल्या चौकटीत शेवटपर्यंत दिसत राहतं. त्या ब्लू-रेवर ते नाही. मी निळी आधी घेतली आणि मेन्यूचे सगळे कानेकोपरे धुंडाळले. नसलेली गोष्ट सापडणार कुठून?

म्हणून माझा ठोकताळा: नोव्हेंबर २००७ च्या आधीची ब्लू-रे फक्त चित्रपटासाठी घ्यायची. काही स्टुडिओंनी तेव्हाही शक्कल लढवली होती. चौकटीसकट आख्खा चित्रपट दुसऱ्यांदा डिस्कवर भरायचा, म्हणजे प्लेअरला एकच चित्र दिसतं. २५ किंवा ५० जीबीत ही उधळपट्टी कशीबशी मावते. अशी चौकट १.० च्या प्लेअरवरही दिसते, पण मध्येच बंद करता येत नाही.

योग्य डिस्क, योग्य प्लेअर, आणि तरी चौकटीतला माणूस नुसते ओठ हलवतो! यावर माझी एक आख्खी संध्याकाळ गेली. केबल बदलली, रिसिव्हर (प्लेअरचा आवाज स्पीकरांना पुरवणारा डबा) बंद-चालू केला, डिस्क पुसली. चूक माझ्याच सेटिंगमध्ये होती. प्लेअर मुख्य आवाज न उलगडता जसाच्या तसा रिसिव्हरकडे पाठवत असेल, तर चौकटीचा आवाज त्यात मिसळायला वावच उरत नाही. प्लेअरच्या ऑडिओ मेन्यूत ‘सेकंडरी ऑडिओ’ किंवा ‘बीडी ऑडिओ मिक्स’ असा पर्याय असतो, तो चालू करा. नाहीतर आउटपुट ‘बिटस्ट्रीम’वरून (न उलगडलेला आवाज) ‘पीसीएम’वर (उलगडलेला आवाज) न्या, म्हणजे मिसळण्याचं काम प्लेअर स्वतःच करतो. मिक्स चालू ठेवून बिटस्ट्रीमच पाठवलं, तर डॉल्बी ट्रूएचडीसारखा उंची आवाज साध्या डॉल्बी डिजिटलवर उतरतो. चौकट बघून झाली की पर्याय आठवणीने बंद करा. मी विसरतो.

बीडी-लाइव्हच्या वाटेला आज जाऊच नये. पलीकडचे बरेच सर्व्हर बंद पडलेत आणि डिस्क त्यांची वाट बघत मेन्यू अडवून बसते. प्लेअरच्या सेटिंगमध्ये डिस्कला इंटरनेट वापरायची परवानगीच नाकारा. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालणाऱ्या मेन्यूचा आणखी एक त्रास म्हणजे ‘स्टॉप’ दाबलं की बऱ्याच डिस्क कुठवर पाहिलं ते विसरतात आणि पुन्हा इशाऱ्याच्या पाट्यांपासून सुरुवात करतात. उठायचं असेल तर ‘पॉज’ दाबा किंवा चॅप्टरचा आकडा लक्षात ठेवा.

लाल डबीबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण १९ फेब्रुवारी २००८ ला तोशिबाने हात टेकले आणि नवे प्लेअर बनणंच थांबलं. जुना प्लेअर मिळत नसेल तर एक्सबॉक्स ३६० या गेम कन्सोलसाठी काढलेला बाहेरचा एचडी डीव्हीडी ड्राइव्ह शोधा. तो यूएसबीवर चालतो, संगणकालाही जोडता येतो. संगणकावर डिस्क उघडून दोन फोल्डर बघा: ‘एचव्हीडीव्हीडी_टीएस’मध्ये (HVDVD_TS) चित्र आणि आवाज, ‘एडीव्ही_ओबीजे’मध्ये (ADV_OBJ) मेन्यू-चौकटीचा पसारा. दुसरा फोल्डर जेमतेम भरलेला असेल तर फार आशा ठेवू नका.

काही लाल डिस्क दुतोंडी असतात, एका बाजूला एचडी, दुसऱ्या बाजूला साधी डीव्हीडी. चित्र छापायला जागाच नसल्याने मधल्या भोकाभोवती बारीक अक्षरांची कडी असते. ती दिव्याखाली धरून वाचा. अक्षरं वाचताना जी बाजू तुमच्याकडे आहे ती प्लेअरमध्येही वर राहिली पाहिजे, म्हणजे तिच्यावर जे लिहिलंय तेच चालतं. आणि पकडायचं फक्त कडेला, कारण दोन्ही अंगं जिवंत.

या डिस्क घेतल्या की कपाटात टाकू नका. त्याच आठवड्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवा. माझ्याकडच्या काही, एकही ओरखडा नसताना, तासाभराने अडखळतात, आणि दर वेळी त्याच जागी. पुसून फरक पडत नाही, आतला थरच खराब झालेला असतो. विकणाऱ्याने पाच मिनिटं चालवून दाखवली तर ‘आता शेवटचा चॅप्टर लावा’ म्हणा.